सबीना लाव्हेलचा लाल चेहरा आणि पन्नास वर्षांची शपथ

सबीना लाव्हेल हिने वयाच्या सतराव्या वर्षी आयुष्यभर दारूला स्पर्श न करण्याची शपथ घेतली. एखाद्या मोठ्या दुःखामुळे तिने ती घेतली, असे कोणी समजू नये. तिच्या वडिलांनी दारूपायी घर बुडवले नव्हते, आणि तिचा कोणी काका पिऊन धक्क्यावरून समुद्रात पडला नव्हता. शाळेत तिच्या शेजारी बसणारी अट्रॅक्टा पॅडन शपथ घेणार होती, एवढेच कारण होते. एका रविवारी दोघी वेदीसमोर शेजारी गुडघे टेकून बसल्या, धर्मगुरूंच्या मागोमाग शब्द म्हणाल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा दोघींच्या कोटावर शपथेचा एकेक लहानसा बिल्ला होता.

अट्रॅक्टाने पायऱ्यांवरच विचारले, "अगं, आता लग्नाकार्यात प्यायचं काय आपण?"

"चहा," सबीना म्हणाली.

"नि मयताला?"

"चहाच."

त्या दिवसापासून सबीनाने किती चहा प्यायला, याचा अंदाज करणे कठीण आहे. चोविसाव्या वर्षी तिला टपाल वाटण्याची नोकरी मिळाली आणि ती तिने छत्तीस वर्षे केली. आधी सायकलवरून, नंतर व्हॅनमधून. कॅरोबॉन हे मेयो परगण्याच्या पश्चिम टोकाचे गाव. तेथे घरे दूर दूर आहेत, आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत समुद्राकडचा वारा माणसाची सोबत सोडत नाही. दारात आलेल्या माणसाला चहा न देता परत पाठवणे हा तेथे अपमान समजला जातो, आणि दिलेला चहा न पिणे हा त्याहून मोठा. नाताळच्या आठवड्यात टपाल घेऊन येणाऱ्याला प्रत्येक घरी व्हिस्कीचा पेला पुढे करण्याची रीत आहे. सबीना बिल्ल्यावर बोट ठेवत असे. मग पेला मागे जात असे आणि उकळता चहा पुढे येत असे.

तिने लग्न केले नाही. आईवडिलांच्या मागे ती आणि तिचा भाऊ कोलमन त्याच घरात राहिले. कोलमन मेंढ्या पाळत असे आणि रोज संध्याकाळी गुत्त्यात जात असे. तो भांडत नसे, धडपडत नसे. चार पेले पिऊन सरळ रेषेत घरी येत असे. त्याचा चेहरा ताकासारखा पांढरा होता. सत्तराव्या वर्षीही त्यावर एक लाल रेष नव्हती.

सबीनाच्या चेहऱ्याची गोष्ट वेगळी झाली. अडतिसाव्या वर्षी तिचे गाल आधी अधूनमधून तापू लागले. गरम स्वयंपाकघरात शिरले, की जणू कोणी आतून दिवा लावावा तसे ते लाल होत आणि तासाभराने निवत. दोनतीन वर्षांत ते निवेनासे झाले. नाक, गाल आणि हनुवटी कायमची लाल राहिली. त्यावर बारीक पुळ्या उठू लागल्या. साबण लावला की चेहरा झोंबे, आणि वारा लागला की तो वाळूने घासल्यासारखा वाटे. तिने गाईच्या आचळांना लावायचे मलम लावून पाहिले. ताक लावून पाहिले. एका चुलत बहिणीने तिच्या इसबाचे मलम दिले. त्याने पंधरा दिवस चेहरा इतका स्वच्छ झाला, की सबीनाने त्या बहिणीसाठी मेणबत्ती लावली. सोळाव्या दिवशी सगळे दुपटीने परत आले.

तोंडावर कोणी काही बोलले नाही. कॅरोबॉनमध्ये माणसाच्या तोंडावर केवळ हवामानाविषयी बोलतात. परंतु दुकानात, कुंपणापाशी, रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, सुटल्यावर चर्चच्या भिंतीला टेकून लोक बोलतच असत.

"त्या सबीनाच्या गालावर किटली ठेवली ना, तर आधण येईल."

"बिल्ला लावून फिरते हो! तो बिल्लाच लाल झाला असेल लाजेनं."

सर्वांत जास्त टिकला तो फेस्टी मनेली नावाच्या म्हाताऱ्याचा विनोद. तो म्हणाला होता, "त्या घरात कामं वाटून घेतलीत. कोलमन पितो आणि सबीनाला चढते."

हा विनोद सबीनाच्या कानावर आला. तिने फेस्टीचे टपाल नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी नेऊन दिले आणि त्याच्या घरचा चहाही प्यायली. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हते, की आपल्या चेहऱ्याला काय झाले आहे. मग ती कोणाला काय सांगणार? उलट तिच्याच मनात शंका आली. नाताळच्या केकमध्ये व्हिस्की घालतात, हे तिला एकदम आठवले, आणि तिने पापनिवेदनात विचारले, "फादर, केकमधून जाते का पोटात?" त्या वेळचे फादर वृद्ध होते. ते म्हणाले, "बाळ, तुझ्या वाट्याची भट्टीनं पिऊन टाकली." सबीनाचे समाधान झाले नाही. तिने केक खाणे सोडले.

अशी सव्वीस वर्षे गेली. ती निवृत्त झाली आणि टपालखात्याने तिला एक घड्याळ दिले. ती चौसष्ट वर्षांची असताना कोलमनच्या पायाला तारेची जखम झाली, आणि मलमपट्टीसाठी तालुक्याची नर्स इमेल्डा घरी येऊ लागली. तिसऱ्या दिवशी पट्टी बांधता बांधता ती कोलमनच्या पायाऐवजी सबीनाकडे पाहत राहिली.

"सबीनाबाई, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का हो तुम्हाला?"

"होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या गालांनी. किती वर्षं झाली याला?"

सबीनाने कोलमनकडे पाहिले. कोलमनने खिडकीबाहेर पाहिले. "बरीच," ती म्हणाली.

"आणि तुम्ही कुणाला दाखवलं नाही?"

"सगळ्यांना दिसतंच की."

इमेल्डाने तिला चिठ्ठी देऊन गॉलवेच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि या विकाराला रोझेशिया म्हणतात असे सांगितले. हा गोऱ्या, पातळ कातडीच्या माणसांना अधिक होतो आणि त्या किनाऱ्यावर घरोघरी आहे, असेही सांगितले. सबीनाने एकच प्रश्न विचारला.

"हे दारूनं होतं का, डॉक्टर?"

"दारूनं वाढतं. होत नाही. तुम्ही किती घेता?"

"थेंबही नाही."

"मग ते एक पथ्य तुमचं आधीच झालं," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले. सबीनाने ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले. चेहऱ्याकडे पाहून आणि तिचे उत्तर ऐकून विश्वास ठेवणारा हा पहिला मनुष्य होता.

बाकीची पथ्ये मात्र सोपी नव्हती. साबण बंद, कोमट पाणी आणि हलक्या हाताने टिपणे. ढगाळ दिवशीही ऊन अडवणारे क्रीम लावणे, आणि रात्री औषधाचे मलम. आगीजवळ बसायचे नाही. वाऱ्यात तोंड गुंडाळायचे. तिखट नाही.

"आणि चहा कोमट करून प्या."

"कोमट चहा कोण पितं, डॉक्टर?"

"तुम्ही."

हे बरे होणारे दुखणे नाही, सांभाळण्याचे आहे, असे त्यांनी दोनदा बजावले. प्रत्येकाचा चेहरा वेगवेगळ्या गोष्टींनी भडकतो. म्हणून एक वही करावी आणि चेहरा लाल झाला की त्याआधी काय घडले ते लिहून ठेवावे. निघताना त्यांनी आणखी एक उपाय सांगितला. चेहरा तापू लागला की बर्फाचा लहान तुकडा तोंडात धरावा. लाली चढता चढता उतरते.

सबीनाने सगळे तंतोतंत केले, आणि सगळे लपवून केले. यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. तिच्या आईच्या घरात एकच आरसा होता, तोही बापाच्या दाढीसाठी. आरशासमोर रेंगाळणाऱ्या बाईकडे आरशामागून सैतान पाहतो, असे आई म्हणत असे. चौसष्ट वर्षांच्या बाईने सकाळी एक आणि रात्री एक मलम लावावे, आणि त्यावर लाली झाकणारे हिरवट क्रीम, या गोष्टीचा विचार करूनच तिचा चेहरा तापत असे. जवळच्या औषधांच्या दुकानात अट्रॅक्टाची भाची काम करत होती. म्हणून सबीना दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बसने दूर कॅसलबारला जाऊन औषधे आणत असे. मलमाची ट्यूब लोकरी मोज्यांच्या खाली, खणात ठेवलेली असे. कोलमनला सगळे ठाऊक होते. त्याने काही विचारले नाही. दोन माणसे एका घरात चाळीस वर्षे राहतात, ती बहुधा न विचारल्यामुळेच.

वहीत ती रोज लिहीत असे. "मंगळवार. वारा. लाल." "बुधवार. मिरी घातलेलं सूप. फार लाल." "रविवार. प्रवचन लांबलं, चर्च गरम. लाल." सहा महिन्यांत पुळ्या गेल्या आणि झोंबणे थांबले. लाली एक तृतीयांश उतरली. उरलेली तिने आपली मानली.

परंतु गावाला लाली उतरलेली दिसली नाही. गावाला दुसरेच दिसले.

सबीना आता कोणाच्याही घरी चहा घेत नव्हती. घेतलाच, तर तो समोर ठेवून निवू देत असे, आणि तो निवेपर्यंत घरच्या बाईचा जीव कासावीस होत असे. पूर्वी चुलीपाशी बसणारी ती आता दारालगत बसत असे आणि मध्येच उठून बाहेर जात असे. तिच्या पिशवीत एक थर्मास असे. त्यात बर्फाचे तुकडे असत. ती कोपऱ्यावर जाऊन, मान मागे टाकून, एक तुकडा तोंडात घेत असे. शिवाय पहिल्या गुरुवारची ती बस होती. कॅसलबारला दर गुरुवारी दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरते, हे कोणाच्या तरी लक्षात आले.

"दारू नको म्हणणारी चहा पिते," दुकानातली बाई म्हणाली. "चहासुद्धा नको म्हणणारी घरूनच पिऊन आलेली असते."

"जाऊ दे गं. गुरुवारी जाते ना बिचारी. सुटेल हळूहळू."

सबीनाविषयी लोक आता प्रेमाने बोलू लागले. पूर्वीच्या टवाळीपेक्षा हे वाईट होते.

तिच्या वयाला सदुसष्ट आणि शपथेला पन्नास वर्षे झाली, त्या वर्षीची ही पुढची हकिगत आहे. पन्नास वर्षे शपथ पाळणाऱ्याला सोन्याचा मुलामा दिलेला बिल्ला मिळतो आणि तो रविवारच्या मिस्सेत सर्वांसमोर लावला जातो. त्यासाठी एक अर्ज शपथ घेतलेल्यांच्या मंडळाच्या डब्लिनमधल्या कचेरीकडे पाठवावा लागतो. "अर्जदाराने पन्नास वर्षे शपथ अखंड पाळली आहे, हे मी प्रामाणिकपणे जाणते," या ओळीखाली गावच्या मंडळाच्या चिटणीसाची सही लागते. चिटणीस अट्रॅक्टा होती. गेली एकोणीस वर्षे तीच होती. तिचा स्वतःचा अर्ज फादरांनी सही करून केव्हाच पाठवला होता. दोघींचे बिल्ले एकाच दिवशी लागावेत, अशी सबीनाची इच्छा होती. तिने आयुष्यात फारसे काही मागितले नव्हते. हा बिल्ला मात्र तिला हवा होता; कारण हा बिल्ला लागला की गावाने सव्वीस-सत्तावीस वर्षे जे भिंतीला टेकून म्हटले, ते खोटे आहे असे वेदीसमोर उच्चारले जाणार होते.

तिने अर्ज अट्रॅक्टाकडे दिला. एक आठवडा गेला. दुसरा गेला.

याच काळात फेस्टी मनेली वारला. दफनाची दुपार थंड होती, आणि फेस्टीच्या स्वयंपाकघरात लोखंडी चूल वाळवलेल्या पीट-मातीच्या विटा घालघालून लाल केलेली होती. पन्नास माणसे दाटीवाटीने उभी होती. दहा मिनिटांत सबीनाचे गाल पेटले. ती मागच्या दाराने बाहेर पडली, कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी राहिली आणि मान मागे टाकून थर्मास तोंडाला लावला. वळली तेव्हा अट्रॅक्टा रिकामी बादली हातात घेऊन पाहत होती.

"थंडी आहे," अट्रॅक्टा म्हणाली.

"हो ना," सबीना म्हणाली. तोंडात बर्फ असल्यामुळे तिचा उच्चार जड आला.

अट्रॅक्टा आत गेली. पुढचा एक आठवडा तिचे काहीच कळले नाही. त्यानंतरच्या सोमवारी, दुपारच्या जेवणानंतर, ती सबीनाच्या घरी आली. तिच्या एका हातात सफरचंदाचा केक होता आणि काखेत पाकीट. कोलमन मेंढ्यांकडे गेला होता. सबीनाने किटली ठेवली, एक कप भरून अट्रॅक्टासमोर ठेवला आणि आपला कप खिडकीच्या कठड्यावर निवत ठेवला. अट्रॅक्टाने त्या कपाकडे पाहिले.

"घेत नाहीस?"

"घेईन मग."

"बरं." अट्रॅक्टाने पाकिटातून अर्ज काढून टेबलावर ठेवला. "ही घे. केली सही."

सबीनाने कागद जवळ ओढला. ओळीखाली अट्रॅक्टाची वळणदार सही होती, तारीखही होती. ती म्हणाली, "उपकार झाले, अट्रॅक्टा."

"उपकाराचं राहू दे. आता हे पण घे." अट्रॅक्टाने पाकिटातून दुसरा, रंगीत कागद काढला. त्यावर समुद्रकिनाऱ्यावरच्या एका पांढऱ्या इमारतीचे चित्र होते. "सिस्टर लोक चालवतात. फक्त बायकांसाठी आहे. सहा आठवडे. खिडकीतून समुद्र दिसतो."

"समुद्र मला इथूनही दिसतो. कशासाठी आहे हे?"

"सबीना." अट्रॅक्टाने चष्मा काढला. "मी सही केली ना? आता निदान माझ्याशी तरी नाटक करू नकोस. कोलमनला सांगू, गुडघ्याच्या उपचाराला चाललीस म्हणून. कुणाला काही कळणार नाही."

सबीनाला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती रागावली नाही. तिने फक्त दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तू मला दारुडी समजतेस."

"मी तुला खुराड्यामागे पाहिलं, बाई. माझ्या डोळ्यांनी."

"आणि तरी सही केलीस?"

"मग काय करणार होते? तुझ्याशेजारी गुडघे टेकले होते मी. वेदीपुढं एकटीच जाऊ बिल्ला लावायला?" अट्रॅक्टाने नाक पुसले. "शनिवारी पापनिवेदनही करून आले. फादरना म्हटलं, एका खोट्या कागदावर सही केली. तुझं नाव नाही घेतलं हो. प्रायश्चित्त म्हणून वीस वेळा नमो मारिया म्हणायला सांगितलं. म्हणून झालं. तू कशाला काळजी करतेस?"

येथे सबीनापुढे जे दोन मार्ग होते, ते स्पष्ट सांगितले पाहिजेत. अर्ज पूर्ण होता. तो पाकिटात घालून टपालात टाकला असता, तर बिल्ला आला असता, आणि सही कोणत्या मनाने झाली हे डब्लिनला कधीही कळले नसते. अट्रॅक्टाने तर पापही फेडून टाकले होते. दुसरा मार्ग खणातल्या मोज्यांखाली होता, आणि तो सबीनाला पहिल्यापेक्षा कितीतरी लाजिरवाणा वाटत होता.

तिने अर्ज अट्रॅक्टाकडे परत सरकवला.

"हा घेऊन जा. मला नको."

"का गं? सही आहे की!"

"तू ती खोटी म्हणून केलीस. पन्नास वर्षं मी खरी राहिले, ती काय खोट्या सहीसाठी?"

"अगं, पण तू..."

"मी प्यायले नाही. थेंबही नाही."

मान खाली घालून अट्रॅक्टा केकवरची साखर बोटाने सारखी करत राहिली. म्हणजे तिचा विश्वास बसला नव्हता. सबीना उठली, आतल्या खोलीत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात ताट होते. ताटात मलमाची ट्यूब होती, उन्हाचे क्रीम होते, हिरवट क्रीम होते, डॉक्टरांची पत्रे होती आणि वही होती. तिने ते ताट मैत्रिणीसमोर अशा रीतीने ठेवले, जसे मनुष्य चोरीचा माल पोलिसांसमोर ठेवतो.

"हे काय?"

"माझं तोंड," सबीना म्हणाली. "वाच."

अट्रॅक्टाने चष्मा लावला. आधी डॉक्टरांची पत्रे वाचली, ओठ हलवत, दोनदा. मग वही उघडली. वारा, सूप, प्रवचन, चूल, कोलमनशी कुंपणावरून वाद. पाने उलटत असताना ती एका ठिकाणी थांबली.

"'अट्रॅक्टा आली. सव्वा तास. लाल,'" तिने मोठ्याने वाचले. पुढचे पान उलटले. "'अट्रॅक्टा आली. दोन तास. फार लाल.' हे काय लिहून ठेवलंयस गं?"

"डॉक्टर म्हणाले, जे झालं ते लिहा."

"मी काय मिरी आहे का सुपातली?"

"तू आलीस की चहा गरम प्यावा लागतो. नाहीतर तू बघत बसतेस."

अट्रॅक्टाने वही मिटली. "आणि तो थर्मास?"

"बर्फ. तोंडात धरायचा. लाली उतरते."

"बर्फ!" अट्रॅक्टा खुर्चीतून अर्धी उठली. "खुराड्यामागे उभी राहून तू बर्फ खात होतीस? फेब्रुवारीत? आणि मी घरी येऊन रडले गं, दोन दिवस! वेडी आहेस का तू? तीन वर्षं झाली, एका शब्दानं सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? सदुसष्टाव्या वर्षी तोंडाला हिरवं क्रीम फासते म्हणून?"

"दारूपेक्षा बरं ना ते!"

"नाही," सबीना म्हणाली. "दारू पिणाऱ्याची लोकांना दया येते. म्हातारीनं नटलेलं पाहून हसतात."

अट्रॅक्टा प्रामाणिक बाई होती. "हसतात खरं," ती म्हणाली. "मीही हसले असते." मग तिने ट्यूब उचलून झाकण काढले, वास घेतला, आणि कोणी पाहत नसल्यासारखे थोडेसे मलम मनगटावर लावून पाहिले.

थोड्या वेळाने तिच्या एकदम लक्षात आले. "म्हणजे मी खरी सही केली होती!"

"हो."

"आणि पापनिवेदन खोट्याचं केलं. जे पाप मी केलंच नाही, त्याची क्षमा घेऊन आले."

"केलंस की. तुझ्या मनात खोटंच होतं."

"पण कागद खरा होता!"

"मन खोटं होतं."

दोघींनी यावर पुष्कळ खल केला. वीस प्रार्थना फुकट गेल्या, की दुसऱ्या एखाद्या पापाकडे वळवता येतील, असा अट्रॅक्टाचा प्रश्न होता. सबीनाचे मत असे पडले, की मैत्रिणीला पन्नास वर्षांनंतर दारुडी समजण्याचे पाप शिल्लकच आहे, आणि वीस प्रार्थना त्याला पुरायच्या नाहीत. तेवढ्यात कोलमन चिखलाचे बूट घालून दारात आला आणि ताटाकडे पाहून थबकला.

"काय झालं?"

"तुझी बहीण पीत नाही," अट्रॅक्टा म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पीत असती तर माझ्या कपाटातली बाटली टिकली असती का?" तो बूट काढू लागला. "केक कुणी आणला?"

"तू तरी सांगायचं होतंस रे गावाला!"

"मला कुणी विचारलंच नाही," कोलमन म्हणाला.

जाण्यापूर्वी अट्रॅक्टाने अर्ज पुन्हा समोर घेतला. पहिली सही खोडावी, तर कागद खराब झाला असता. नवा अर्ज मागवावा, तर महिना गेला असता. शेवटी तिने पहिल्या सहीच्या खाली दुसरी सही केली आणि पुढे त्या दिवसाची तारीख घातली. सबीनाने ती वाचून पाहिली आणि पाकीट स्वतःच्या हाताने बंद केले.

तीन आठवड्यांनी डब्लिनच्या कचेरीचे पत्र आले. एका अर्जावर एकाच सहीची अपेक्षा असते. दोन सह्या का आहेत, याचा चिटणीसांनी खुलासा करावा. अट्रॅक्टाने खुलासा केला. तिने लिहिले, की पहिली सही तिने खोटी समजून केली होती, परंतु ती खरी निघाली; दुसरी खरी समजून केली आहे; दोन्हींवरचे विधान सत्य आहे. कचेरीने पुन्हा काही विचारले नाही. दोन बिल्ले एकाच लहान खोक्यातून आले.

दरम्यान अट्रॅक्टाने सबीनाकडे परवानगी मागितली होती. हे गावाला सांगायचे की नाही? सबीनाने दोन दिवस विचार केला आणि उत्तर दिले, "मलमाचं सांग. हिरव्या क्रीमचं नको." अट्रॅक्टाने मलमाचे सांगितले, दुकानात सांगितले, चर्चच्या भिंतीपाशी सांगितले, भाचीला तर दोनदा सांगितले. काहींना पटले. दुकानातली बाई म्हणाली, की तिच्या बापाचे गालही असेच होते, आणि त्यालाही लोक उगाच नावे ठेवत. काहींनी मान डोलावली आणि आजकाल प्रत्येक गोष्टीला डॉक्टरांनी एक नवे नाव शोधले आहे, असे म्हटले. नर्स इमेल्डाच्या दाराशी मात्र त्या महिन्यात लाल गालांची पाच माणसे एकेकटी येऊन गेली. त्यांपैकी चार मागच्या दाराने आली.

बिल्ल्याचा रविवार मे महिन्यातला होता. चर्च भरलेले होते, दिवे लावलेले होते, आणि दोघी पहिल्या बाकावर बसल्या होत्या. कोलमन मागे, दाराजवळ उभा होता, पांढऱ्याशुभ्र चेहऱ्याने. प्रवचनाच्या मध्यावर सबीनाच्या गालांवर लाली चढू लागली. अट्रॅक्टाने ती पाहिली, ताबडतोब उठली, बाजूची खिडकी धाडकन उघडली आणि परत येऊन बसली. समुद्राकडचा वारा थेट बाकावर आला. दोन मेणबत्त्या विझल्या.

"वारा पण चालत नाही," सबीना कुजबुजली.

"मग तुला चालतं तरी काय गं बाई?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. फादरांनी सबीनाचे नाव घेतले होते. तिने कोटाची कॉलर सरळ केली आणि आहे त्या चेहऱ्याने पुढे गेली.